लिफ्ट केलेल्या थारचा पुढचा जॉइंट वाजतोय: एक्सेल बदलायचा की आधी अँगल बघायचा?

डोंगरवाट
इंडिपेंडंट सस्पेन्शनची (दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होणारी) गाडी लिफ्ट केली, म्हणजे उंच केली, आणि पुढून टकटक यायला लागली की गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळतं, एक्सेल (डिफ म्हणजे डिफरन्शिअलपासून चाकाला ताकद देणारा शाफ्ट, दोन्ही टोकांना वाकूनही फिरणारे सीव्ही जॉइंट) गेला, नवीन टाका. माझ्या मते हा सगळा अंदाजपंचे कारभार आहे आणि पैसे मालकाचे जातात.

आमच्या ग्रुपमधल्या एका थारचं बघा. २०२० नंतरचं मॉडेल, पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर एक, खाली एक आर्म) आणि कॉइल, मागे अखंड एक्सेल (दोन्ही चाकं एकाच हाउसिंगवर). पुढे शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर (जाड चकती), मागे उंच स्प्रिंग, ऑल टेरेन टायर. पावसात ताम्हिणीकडे चिखलात फिरली आणि मग दोन तक्रारी सुरू झाल्या, एक म्हणजे फोर एचमध्ये (चारही चाकांना ताकद) मातीवर फुल वळवून रेस दिली की टकटक, दुसरी म्हणजे हायवेला टू एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) ७०-८० ला रेस दिली की सीटखाली थरथर. गॅरेजने (नाव नको) उजवा एक्सेल नवीन टाकला. टकटक गेली, थरथर तशीच, आणि पावसाळा संपायच्या आत नव्या एक्सेलचा रबर बूट (जॉइंटवरचं, ग्रीस आत ठेवणारं आवरण) फाटला.

आता यात दोन वेगळे आजार आहेत हे कुणीच बघितलं नाही. टू एचमध्ये इंजिनची ताकद पुढच्या एक्सेलला जातच नाही, मग रेस दिल्यावर येणारी थरथर पुढच्या सीव्हीची कशी असेल? मागून गाडी उचलली की प्रॉपेलर शाफ्टचा (मागच्या डिफला ताकद नेणारा लांब शाफ्ट) आणि पिनियनचा (डिफमधला तो गिअर ज्याला हा शाफ्ट जोडतो) अँगल बदलतो, थरथर तिथून येते, आधी तिथले क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट) बघायला हवे होते. आणि बूट फाटला कारण अँगल तोच राहिला, फक्त पार्ट नवा आला.

मिस्त्री_नगरवाले
दादा तुमचं सगळं बरोबर धरलं तरी गॅरेजमध्ये बसून बघा एकदा. फाटका बूट घेऊन गाडी येते, रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचा पट्टा आणि त्यावर लाल माती वाळून घट्ट बसलेली, बोटाने खरवडली तर खरखरीत लागते. तीच माती जॉइंटच्या आत गेलेली असते, म्हणजे ग्राइंडिंग पेस्टच. खोलून धुतला की गोळ्यांवर खड्डे दिसतात, केज (गोळ्या धरून ठेवणारी जाळी) घासलेला असतो. असल्या जॉइंटला नवा बूट आणि नवं ग्रीस घालून काय उपयोग, महिन्याभरात परत वाजतो आणि गिऱ्हाईक मलाच शिव्या देतं. खोलायची मजुरी, बूट, ग्रीस, क्लिप सगळं धरलं तर अख्खा एक्सेल टाकणंच परवडतं. सीव्ही हा झिजणारा पार्ट आहे, ब्रेक पॅड बदलताना कुणी चर्चा करतं का?

डोंगरवाट
मिस्त्री, माती गेलेला जॉइंट बदला, त्यावर वादच नाही. वाद हा आहे की बूट का फाटला हे न बघता बदलता. सर्व्हिसच्या अंतरात बूट फाटत असेल तर त्याला झिजणारा पार्ट कसं म्हणायचं? गाडी जमिनीवर, चाकं सरळ ठेवून खाली झोपून बघा, बाहेरच्या बूटच्या घड्या वरच्या बाजूला एकमेकींवर दाबून बसलेल्या दिसतात. तशा घासत घासतच फाटतात.

रानगडी
मला दोघांचंही पटत नाही. लिफ्टला उगाच बदनाम करताय. बाहेरचा सीव्ही मुळातच स्टिअरिंग फुल वळेल एवढा वाकायला बनवलेला असतो, ४५ डिग्रीच्या आसपास, त्यात लिफ्टने चार-पाच डिग्री वाढल्या तर काय बिघडतं? जॉइंट तुटतो तो ड्रायव्हरमुळे. फोर एल (चारही चाकं, लो गिअर), स्टिअरिंग एंडला, एक चाक दगडात अडकलेलं आणि वरून रेस. स्टॉक गाडीचाही तुटेल. जड टायर लावलेत त्याचाही भार येतो. स्टिअरिंग थोडं सोडून रेस द्यायला शिका, एक्सेल वर्षानुवर्षं टिकतात.

स्पेसरनको
रानगडी, बाहेरच्या जॉइंटचं बरोबर बोललात पण आतला विसरलात. डिफच्या बाजूला जो ट्रायपॉड जॉइंट असतो तो साधारण २३-२५ डिग्रीच्या पुढे जात नाही. त्याला स्टिअरिंगशी देणंघेणं नाही, सस्पेन्शन खाली लटकलं की त्याचा अँगल वाढतो. आणि शॉकअपच्या डोक्यावरचा स्पेसर नेमकं हेच करतो, गाडी तर उचलतोच पण चाक कंपनीने ठरवलं होतं त्यापेक्षा खाली लटकायला मोकळं करतो. उंच स्प्रिंग टाकली तर उभी गाडी उंच होते पण लटकायची हद्द शॉकअपच ठरवतो, ती तीच राहते. दोन्हीला लोक २ इंच लिफ्टच म्हणतात.

अजून एक, शॉकअप खालच्या विशबोनच्या मध्यावर बसतो, चाकापाशी नाही. त्यामुळे १ इंचाचा स्पेसर चाकापाशी जवळपास दुप्पट होतो. २ इंच जाडीचा स्पेसर टाकून २ इंच लिफ्ट केली म्हणणारे लोक बघितलेत, प्रत्यक्षात गाडी साडेतीनच्या वर गेलेली असते.

मिस्त्री_नगरवाले
हे मात्र खरंय. स्पेसर गिऱ्हाईक ऑनलाइन मागवतं आणि हातात आणून देतं, जाडी कोण मोजतं.

जिप्सीप्रेमी
एवढी डोकेफोड करण्यापेक्षा जुनी जिप्सी नाहीतर जिम्नी घ्या. पुढे अखंड एक्सेल. लिफ्ट कितीही करा, डिफ आणि चाक एकाच हाउसिंगमध्ये, आतल्या शाफ्टचा अँगल एक डिग्रीसुद्धा बदलत नाही. अमेरिकेतल्या रँग्लरवाल्यांचे व्हिडिओ बघून लोक थारला ४ इंचाची स्वप्नं बघतात, अरे त्या गाडीचा पुढचा एक्सेलच वेगळा आहे.

डोंगरवाट
व्हिडिओचं शंभर टक्के मान्य. पण जिम्नी उचलली की कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला अँगल) बिघडतो, स्टिअरिंग हलकं आणि भरकटल्यासारखं होतं, प्रॉपेलर शाफ्टचा अँगल तर तिथेही वाढतो. त्रास संपत नाही, जागा बदलतो.

रानगडी
बरं मग तपासायचं कसं ते सांगा, नुसतं अँगल अँगल करून काय होणार. आमच्याकडे तर गाडी जॅकवर घेतात, चाक हाताने फिरवतात, अडकलं की जॉइंट गेला म्हणतात.

स्पेसरनको
तिथेच तर घोळ आहे. चेसिसला जॅक लावला की चाक पूर्ण लटकतं, म्हणजे जॉइंट सगळ्यात वाईट अँगलला. लिफ्ट केलेल्या गाडीत तिथे एक्सेल अडकणारच, नवाकोरा असला तरी. जॅक खालच्या विशबोनला लावा, सस्पेन्शन उभ्या गाडीच्या उंचीवर आणा आणि मग फिरवा. तरीही खटका लागला तर जॉइंट गेलेला. फक्त लटकल्यावरच अडकत असेल तर लिफ्ट जास्त आहे.

मिस्त्री_नगरवाले
विशबोनला जॅक लावायचं बरोबर, बॉल जॉइंटसुद्धा (विशबोन आणि चाकामधला सांधा) तसाच बघतो आम्ही, टायरखाली पहार घालून उचलायची आणि वरचा खालचा बॉल जॉइंट हलतो का बघायचं. ९ आणि ३ ला धरून चाक हललं तर टायरॉड एंड (स्टिअरिंगचा सांधा), १२ आणि ६ ला हललं तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट. बेअरिंग टकटक करत नाही, घूं घूं करतं आणि स्पीडबरोबर वाढतं. पण लटकल्यावर अडकतो ते चालतं असं म्हणू नका. घाटात एक चाक हवेत गेलं की तोच अँगल येतो, आणि ते चाक रेसमध्येच जमिनीवर आपटतं. जॉइंट फुटतो तो त्याच वेळी. म्हणून मी लटकवूनही बघणार.

स्पेसरनको
दोन्ही बघा, माझी हरकत नाही. लटकवल्यावर अडकलं तर एक्सेलचं बिल करू नका एवढंच. तिथे स्पेसर कमी करायचा, नाहीतर लिमिट स्ट्रॅप (चाक जास्त लटकू न देणारा पट्टा) लावायचा, नाहीतर डिफ ड्रॉप (डिफ थोडं खाली बसवणं). डिफ ड्रॉपने अँगल सुधारतो पण डिफ खाली येतं, ज्या क्लिअरन्ससाठी उचलली तोच थोडा परत जातो, म्हणून मला तो उपाय शेवटचा वाटतो.

जिप्सीप्रेमी
आणि फोर एचमध्ये कोरड्या डांबरावर वळवून कटकट येते म्हणून एक्सेल बदललेले लोक? तो वाइंडअप (पुढची-मागची चाकं वेगवेगळी फिरायला बघतात, शाफ्टमध्ये ताण साठतो) आहे, गाडी स्टॉक असली तरी होतो. मातीवर जाऊन तपासा.

डोंगरवाट
म्हणून वर मातीवर असं मुद्दाम लिहिलं. मिस्त्रींचा लटकवण्याचा मुद्दा मला पटला, एक्सेल झिजणारा पार्ट आहे हे अजूनही पटत नाही. त्या थारमध्ये आता दुसरा नवा एक्सेल टाकायचं चाललंय, मी थांबायला सांगितलंय. आधी हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं माप घेणार, चारही चाकांचं, सपाट जागेवर, आणि स्पेसर खोलून त्याची जाडी. ज्यांच्याकडे त्याच मॉडेलची स्टॉक थार आहे त्यांनी आपली चार मापं टायर साइजसकट इथे टाका, वॉरंटीतल्या गाडीचीही चालतील.

रानगडी
माझी स्टॉकच आहे. रविवारी मोजून टाकतो. पण रेसचं मी म्हटलेलं विसरू नका.