मदत हवी आहे: एप्सिलॉन-इन्फिनिटी (डायइलेक्ट्रिक फंक्शनमधला, जास्त ऊर्जेच्या बांधील इलेक्ट्रॉनांचा स्थिर वाटा) स्वतंत्रपणे कसा ठरवायचा?

ऑप्टिमली डोप केलेल्या बिस्मथ-2212 चा (तांबे-ऑक्साइड अतिवाहक) नॉर्मल, म्हणजे अतिवाहक नसलेल्या, अवस्थेतला डेटा आहे. 1000 ते 4000 प्रतिसेंमी पट्ट्यात ऑप्टिकल कंडक्टिव्हिटीचं परिमाण वारंवारतेच्या उणे 0.65 घाताने उतरतं. मग कंडक्टिव्हिटीची फेज (काल्पनिक आणि वास्तव भागांमधला कोन) 0.65 × 90, म्हणजे 58.5 अंशांवर सपाट राहायला हवी. एप्सिलॉन-इन्फिनिटी 1 धरला की ती वारंवारतेसोबत घसरते, 4.5 ला जवळपास सपाट होते, 6 ला वर चढते. एवढा एक आकडा हलवून हवा तो निष्कर्ष काढता येतो, हे खटकतं.

एलिप्सोमेट्री (परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून केलेलं मापन) 4.5 ईव्हीपर्यंत जोडलेली आहे. क्रॅमर्स-क्रोनिगचं (परावर्तनावरून फेज काढायचं गणित) मापनाबाहेरचं एक्स्ट्रापोलेशन बदलून पाहिलं, या पट्ट्यात फरक नगण्य. मिड-इन्फ्रारेडला लोरेंट्झ ऑसिलेटर (बांधील इलेक्ट्रॉनांच्या शोषणाचं मॉडेल) बसवायचा नाही. तो भाग क्वांटम क्रिटिकल (शून्य तापमानाच्या फेज-बदलाजवळचं वर्तन) की इंटरबँड (पट्ट्यांमधल्या उड्यांचा), हाच तर प्रश्न आहे. ओमेगा भागिले टी कोलॅप्स (वारंवारता भागिले तापमान या अक्षावर सगळ्या तापमानांचे वक्र एकावर एक येणं) जुळेपर्यंत आकडा हलवणंही नको, ते उत्तर आधीच गृहीत धरणं झालं.

फक्त 1.5 ईव्हीच्या वरच्या डेटावरून एप्सिलॉन-इन्फिनिटी कसा काढावा, आणि त्यातली त्रुटी घातांकात किती उतरते?