सौरडाग अजूनही डोळ्यांनीच मोजायचे का?

काटेकोर

ब्रसेल्सच्या रॉयल वेधशाळेतून जाहीर होणारी सौरडाग संख्या, म्हणजे सूर्यबिंबावरच्या काळ्या डागांची मोजणी, ही सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राची अधिकृत नोंद मानली जाते. ही नोंद आजही जगभरच्या निरीक्षकांनी लहान दुर्बिणींतून, डोळ्यांनी केलेल्या मोजणीवर उभी आहे आणि या निरीक्षकांत हौशी मंडळींचा भरणा मोठा आहे. ही पद्धत आता इतिहासजमा करावी, असे माझे मत आहे.

पहिला आक्षेप सूत्रावरच आहे. स्विस खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वुल्फ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घालून दिलेल्या पद्धतीनुसार डागांच्या गटांची संख्या 10 ने गुणायची, तीत सुट्या डागांची संख्या मिळवायची आणि आलेल्या बेरजेला निरीक्षक व दुर्बीण पाहून ठरवलेल्या गुणकाने गुणायचे. परिणामी बिंबावर एकच ठिपका असेल, तर बेरीज 1 नव्हे, 11 येते. डाग केवढा आहे याला या हिशेबात जागाच नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये गुरू ग्रहाएवढ्या विस्ताराचा, 12192 क्रमांकाचा गट सूर्यावर आला होता आणि तो 24 व्या चक्रातला सर्वांत मोठा होता. पण गटांच्या रकान्यात त्याची भर 10, आणि दोन दिवसांत विरून जाणाऱ्या चिमुकल्या गटाचीही भर 10 च.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. 1 जुलै 2015 रोजी ही संपूर्ण मालिकाच बदलण्यात आली. 1958 मधले 19 व्या चक्राचे शिखर आधी 201 होते, ते एका रात्रीत 285 झाले. अर्धशतकापूर्वीचे आकडे ज्यात असे हलतात, त्याला मोजमाप कसे म्हणायचे? सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी हा उपग्रह 2010 पासून अवकाशातून सूर्याची 4096 बिंदू रुंदीची छायाचित्रे घेत असताना कागदावर ठिपके मोजत बसण्याचे प्रयोजन मला तरी कळत नाही.

भिंगवाला

मी गेली काही वर्षे 80 मिलिमीटरच्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडून डाग मोजतो (दुर्बिणीतून सूर्याकडे थेट कधीही पाहू नये, हे इथेही सांगून ठेवतो). त्यामुळे माझे मत एकतर्फी वाटेल, पण 201 आणि 285 चा हिशेब आपण अर्धाच सांगितला आहे.

वुल्फ अगदी बारीक ठिपके मोजत नसत. त्यांच्यानंतर आलेले आल्फ्रेड वुल्फर सगळे मोजत, म्हणून त्यांची संख्या वुल्फ यांच्या संख्येशी जुळवण्यासाठी तिला 0.6 ने गुणण्याची प्रथा पडली आणि ती शंभराहून अधिक वर्षे चालू राहिली. 2015 मध्ये वुल्फर यांची मोजणी हेच प्रमाण मानून हा 0.6 काढून टाकला. फक्त एवढेच केले असते, तर 201 चे 335 झाले असते. प्रत्यक्षात 285 झाले, कारण 1947 पासूनच्या आकड्यांतून सुमारे 18 टक्के फुगवटा काढला गेला. ही मालिका तेव्हा झुरिचच्या वेधशाळेतून निघे, आणि तिथे माक्स वाल्डमायर यांच्या काळात मोठ्या डागाला एकाऐवजी दोन, तीन, अगदी पाचपर्यंत भार देण्याची पद्धत मालिकेत शिरली होती. तो फुगवटा तिच्यामुळे आला होता. म्हणजे आपण ज्याला वाढ म्हणता, तिथे जुन्या चक्रांच्या तुलनेत 19 वे चक्र खाली आले आहे. आणि गंमत पाहा, डागाच्या आकाराला हिशेबात जागा द्यावी हे आपलेच म्हणणे वाल्डमायर यांनी अमलात आणले होते, आणि त्यानेच मालिका बिघडली.

काटेकोर

हिशेबाची चूक मान्य आहे, पण त्यातून माझाच मुद्दा पक्का होतो. एका वेधशाळेतली मोजण्याची सवय जवळजवळ सत्तर वर्षे जागतिक मालिकेत मुरली आणि कोणाच्या ते लक्षात आले नाही, किंवा आले तरी दुरुस्त झाले नाही. दरम्यान विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला सूर्य पूर्वी कधी नव्हता इतका सक्रिय होता, असे लेख लिहिले गेले आणि जागतिक तापमानवाढीचे खापर सूर्यावर फोडणाऱ्यांनी तेच आकडे हाताशी धरले. छायाचित्राला सवयी नसतात.

जुनी_वही

छायाचित्राला सवयी नसतात, हे वाक्य छान आहे, पण खरे नाही. ग्रिनिचच्या वेधशाळेने 1874 ते 1976 या काळात रोजच्या छायाचित्रांवरून डागांचे क्षेत्रफळ मोजले. ज्या दिवशी तिथे ढग असत, त्या दिवसासाठी केपटाउन, मॉरिशस किंवा आपल्या कोडाईकनालची छायाचित्राची काच वापरली जाई. ते काम थांबल्यावर अमेरिकी हवाई दलाच्या वेधशाळांच्या जाळ्याने क्षेत्रफळ मोजायला घेतले, तेव्हा नवे आकडे इतके कमी भरू लागले, की जुन्यांशी जोडण्यासाठी ते 40 ते 50 टक्क्यांनी वाढवून घ्यावे लागतात. डागाची उपछाया, म्हणजे गडद गाभ्याभोवतीची फिकट कड, कुठे संपते आणि उजळ पृष्ठभाग कुठे सुरू होतो, ही रेघ शेवटी कोणी तरी ओढावीच लागते.

वाल्डमायर यांची चूक कशी सापडली, तेही पाहण्यासारखे आहे. भार देण्याची ही पद्धत स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोच्या वेधशाळेने पुढे चालू ठेवली होती आणि 1981 नंतर ब्रसेल्सची सारी मालिका याच वेधशाळेला प्रमाण मानून चालत असे. तिथे रोजची पेन्सिलीची रेखाचित्रे जपून ठेवलेली होती. तीच चित्रे समोर घेऊन भार न देता डाग पुन्हा मोजले गेले आणि फुगवटा नेमका किती, ते कळले. वुल्फ यांच्या 80 मिलिमीटर, 64 पट वर्धनाच्या दुर्बिणीतून स्वित्झर्लंडमध्ये आजही मोजणी चालते. दीडशे वर्षांपूर्वीच्या मोजणाऱ्याच्या जागी जाऊन बसता येईल असे उपकरण दुसऱ्या कोणत्या शास्त्रात उरले आहे, मला आठवत नाही.

उपग्रहाविषयी एकच सांगतो. नोव्हेंबर 2024 मध्ये स्टॅनफर्ड येथील केंद्रात थंड पाण्याची नळी फुटली, विदा (डेटा) साठवणारी यंत्रे भिजली आणि आपण उल्लेखिलेल्या त्याच उपग्रहाच्या विदेचा मोठा भाग काही काळ मिळेनासा झाला. कागदावर ठिपके मोजणाऱ्यांचे काम त्या दिवसांतही चालूच होते.

पडताळा

मी दोन्ही बाजूंशी थोडा असहमत आहे. रोजच्या कामासाठी, म्हणजे उपग्रहांवरचे सौरवादळांचे संकट ओळखण्यासाठी, सौरडाग संख्या फारशी उपयोगाची नाही. 10.7 सेंटिमीटर तरंगलांबीवरचे रेडिओ उत्सर्जन 1947 पासून मोजले जाते, त्याला ढग आडवे येत नाहीत, आणि वरच्या वातावरणाची स्थिती त्यावरून अधिक चांगली कळते.

पण चक्राचा अभ्यास ही वेगळी गोष्ट आहे. 24 व्या चक्रापूर्वी मौसुमी दिक्पती आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये ते 23 व्या चक्रापेक्षा 30 ते 50 टक्के बलवान असेल असे भाकीत केले. बंगळुरूच्या अर्णब राय चौधुरी यांच्या गटाने 2007 मध्ये ते सुमारे 35 टक्के क्षीण असेल असे सांगितले. दोन्ही गट सूर्याच्या पोटातल्या चुंबकीय क्षेत्राचीच गणिते मांडत होते. निकाल लागला तो या वादग्रस्त संख्येवर : 23 व्या चक्राचे शिखर 180, 24 व्याचे 116, म्हणजे जवळजवळ नेमकी 35 टक्के घट. पुढच्या, 25 व्या चक्राबाबत अमेरिकी तज्ज्ञमंडळाने आधीच असे वर्तवले होते, की शिखर जुलै 2025 मध्ये येईल आणि ते 115 असेल. प्रत्यक्षात ते ऑक्टोबर 2024 मध्ये 161 च्या घरात गेले. भाकितासाठी लागणारी ध्रुवीय चुंबकीय क्षेत्राची सलग मोजमापे 1970 च्या दशकातच सुरू झाली, त्यामुळे ती पडताळायला जेमतेम चार चक्रे मिळतात. डोळ्यांची मोजणी 25 चक्रे देते, आणि 1645 ते 1715 या डागविरळ काळाबद्दलही काही सांगायचे तर आपल्याकडे दुर्बिणीला डोळा लावलेल्या माणसांच्याच वह्या आहेत.

काटेकोर

इतिहासासाठी वह्या हव्यात, यावर वाद नाही. माझा प्रश्न पुढच्या नोंदींचा आहे. 80 मिलिमीटरच्याच दुर्बिणीला कॅमेरा लावून, मोजणीचा नियम आज्ञावलीत एकदाच लिहून, दहा-पंधरा वर्षे माणसाच्या बरोबरीने चालवावे आणि मग माणसाने थांबावे. निरीक्षक म्हातारा होतो, त्याची नजर अधू होते, आणि त्याचा गुणक त्याला न कळत सरकत जातो.

भिंगवाला

तो सरकतो, आणि म्हणूनच तो पुन्हा पुन्हा काढला जातो. बरोबरीने चालवायला माझी अजिबात हरकत नाही, पण 'मोजणीचा नियम एकदाच लिहून' हे जितके सोपे वाटते तितके नाही. आज सकाळी माझ्या कागदावर 4 गट आणि 17 डाग होते, म्हणजे 57. शेजारच्या तालुक्यातल्या मित्राने तशाच दुर्बिणीतून 4 गट आणि 23 डाग मोजले, म्हणजे 63. ते जास्तीचे सहा ठिपके हवा क्षणभर स्थिरावली तेव्हा मलाही दिसले होते, पण पेन्सिल टेकवेपर्यंत पुसट झाले. वुल्फ यांनी ते सोडले असते, वुल्फर यांनी घेतले असते. आपली आज्ञावली काय करील, तेवढे आधी ठरवा.