अनुभव धागा: बाहेरगावी शिकायला गेल्यावर स्वस्तातलं घरचं जेवण

इंदूरहून पोरं निघाली की बॅगेत निम्मी शेव असते आणि कुकरचा पत्ता नसतो. परदेशात रोज रांधणाऱ्यांनी मापासकट लिहा. 'अंदाजाने' चालणार नाही.

रामबाग, सध्या जर्मनी
इंदुरी पोहे वाफेवरचे, त्यामुळे जाडेच घ्या. २ वाट्या पोहे चाळणीत धुऊन १० मिनिटं निथळू द्या. मीठ, हळद आणि १ चमचा साखर तेव्हाच चोळा. २ चमचे तेलात मोहरी, बडीशेप, मिरची. पोहे घालून हलवा आणि चाळणीत भरून उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकून ५-७ मिनिटं ठेवा. पाणी चाळणीला टेकलं की लगदा झालाच. जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) घरूनच न्या.

सध्या कॅनडा
घरचा मिक्सर नेऊ नका. इथे वीज १२० व्होल्टची, आपली २३०. जर्मनी, ब्रिटनमध्ये पिन बदलली की भागतं. कुकरच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो का, तेही पाहा. साधा अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही.

सुदामानगरच्या काकू
डाळीत मसूर धरा. १ वाटीला ३ वाट्या पाणी, साध्या पातेल्यात २० मिनिटं. टोमॅटो, चिंच डाळ शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की दाणा कडक राहतो. पाणी जड असेल तर चिमूटभर सोडा.
राजमा मात्र स्लो कुकरमध्ये कच्चा टाकायचा नाही. मंद आचेवर त्यातलं विष मरत नाही, उलट्या होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळा, मग पुढे हवं तसं शिजवा. डब्यातला शिजलेलाच असतो.

सध्या ब्रिटन
काकू, पोळीचं राहिलं. इथलं गव्हाचं पीठ रोलरच्या गिरणीत दळलेलं. चक्कीत स्टार्चचे कण जास्त फुटतात म्हणून आपली कणीक जास्त पाणी पिते. इथे पाणी कमी घाला, अर्धा तास झाकून ठेवा. कॉइलच्या शेगडीवर पोळी तव्यावरच कापडाने दाबून फुगवा.

रामबाग, पुन्हा
धुराचा अलार्म! फोडणीआधी पंखा लावा. तेलात मोहरीचा एक दाणा टाका, तडतडला की बाकीची. धूर दिसेपर्यंत थांबू नका. मिरचीपाठोपाठ लगेच कांदा, नाहीतर ठसका अख्ख्या मजल्याला.