सोसायटीच्या गेटवर चेहरा स्कॅन करणारं मशीन येतंय, कामवाल्या ताईंना नाही म्हणता येतं का?

कासारवडवलीकर:
नमस्कार मंडळी, घोडबंदर रोडला राहते, ६०० फ्लॅटची सोसायटी आहे. कमिटीने नोटीस लावलीय की पुढच्या महिन्यापासून गेटवर चेहरा ओळखणारं मशीन बसणार. रहिवाशांनी ॲपमधून सेल्फी टाकायचा, आणि घरकाम करणाऱ्या बायका, ड्रायव्हर, दूधवाले, पेपरवाले यांनी केबिनपाशी उभं राहून फोटो द्यायचे, सोबत आधारची झेरॉक्स. आमच्याकडे पोळीभाजी करणाऱ्या ताई मानपाड्याहून येतात, त्यांनी काल विचारलं, फोटो नाही दिला तर काम जाईल का हो? काय सांगू त्यांना?

मला स्वतःपेक्षा त्यांची जास्त काळजी वाटतेय. मी मीटिंगला जाऊन भांडू शकते, त्यांना तिथे कोणी बोलावतच नाही, आणि सगळ्यात जास्त माहिती गोळा होणार ती त्यांचीच. आत्ताच्या ॲपवरसुद्धा त्या किती वाजता आत आल्या, किती वाजता बाहेर पडल्या, कुठल्या कुठल्या घरी काम करतात हे सगळ्या बिल्डिंगला दिसतं, वर स्टार देता येतात. त्यांच्या फोनमध्ये ते ॲप नाही त्यामुळे आपल्याला कोणी किती स्टार दिलेत हे त्यांना कळायचा मार्गच नाही. आमच्या विंगमध्ये एका घराने गेटची वेळ दाखवून पगार कापला, त्या बाई लिफ्टच्या रांगेत उभ्या होत्या हे कोण सांगणार? मला कायद्याचं आणि टेक्निकल दोन्ही समजून घ्यायचंय, मीटिंगला नुसतं मला बरोबर वाटत नाही एवढं म्हणून भागणार नाही.

वर्तकनगरचा_काका:
ताई, थोडी दुसरी बाजू सांगतो, रागावू नका. आमच्याकडे चोरी झाली तेव्हा रजिस्टर उघडून बघितलं तर नाव खोटं, नंबर खोटा, आणि वॉचमन बारा तासांच्या ड्युटीवर, तो कुणाकुणाचे चेहरे लक्षात ठेवणार. आणि वहीत प्रायव्हसी असते असंही नाही, गेटवरच्या वहीत आधीच्या माणसाचं नाव, फ्लॅट नंबर, मोबाईल सगळं उघडं असतं, मागून येणारा कोणीही फोटो काढून नेईल. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना गेटवर भरवसा लागतो, मला पण लागतो. तेव्हा मशीन नको म्हणत असाल तर त्याच्या जागी काय, हे सांगायला लागेल. नुसता विरोध केलात तर कमिटी तुम्हाला गप्प बसवेल.

ऐरोली_बॅकएंड:
मी सॉफ्टवेअरमध्येच आहे, टेक्निकल भाग सांगतो, जरा लांबेल.

मशीन तुमचा फोटो फोटो म्हणून जुळवत नाही, चेहऱ्याचं आकड्यांच्या एका लांब रांगेत रूपांतर करतं (गूगलने २०१५ मध्ये मांडलेल्या फेसनेट या चेहरा ओळखणाऱ्या सिस्टिममध्ये ती १२८ आकड्यांची होती) आणि मग ती रांग साठवलेल्या रांगांशी ताडून बघतं. त्यामुळे विकायला आलेला माणूस म्हणतो की आम्ही फोटो ठेवतच नाही, फक्त आकडे ठेवतो, काळजी नको. पण त्या आकड्यांवरूनच माणूस ओळखला जातोय ना, आणि आकड्यांवरून चेहऱ्यासारखं चित्र परत तयार करता येतं हेही संशोधकांनी दाखवलंय. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा फुटला तर काय बदलणार?

आता अचूकता. फोनचं लॉक उघडताना एकाच चेहऱ्याशी तुलना होते. गेटवर आलेल्या माणसाची तुलना यादीतल्या प्रत्येकाशी होते, आणि इथेच गणित फिरतं. समजा रहिवासी आणि कामगार मिळून २,५०० नावं आहेत आणि मशीन दर १०,००० तुलनांमध्ये एकदा चुकून जुळवतं. ऐकायला भारी वाटतं. पण अनोळखी माणूस आला की २,५०० तुलना होणार, म्हणजे तो यादीतल्या कोणाशी तरी जुळण्याची शक्यता साधारण २२ टक्के. चांगली सिस्टिम यापेक्षा कितीतरी चांगली असू शकते, पण ती कडक केली की आपलीच माणसं अडकायला लागतात, पावसाळ्यात डोक्यावर पदर, तोंडाला ओढणी, हातात छत्री, अशा वेळी सकाळी सातची रांग कुठपर्यंत जाईल बघा. म्हणून ९९ टक्के अचूक एवढंच ऐकून घेऊ नका, आमच्या एवढ्या यादीवर चुकून आत किती जातात आणि चुकून बाहेर किती राहतात हे दोन आकडे वेगवेगळे मागा.

अजून एक. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये ९९ कंपन्या-संस्थांचे १८९ अल्गोरिदम, म्हणजे चेहरे जुळवणारे प्रोग्राम, तपासले. त्यात चुकीची जुळणी पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त निघाली, म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांच्यातही जास्त. सगळे अल्गोरिदम सारखेच वाईट नव्हते, काहींमध्ये फरक अगदी कमी होता. बातम्यांमध्ये हे नेहमी अर्धवट येतं, एक तर फेस रेकग्निशन पूर्ण भंगार किंवा माणसापेक्षा हुशार. आणि २०१८ च्या ज्या अभ्यासातला ३४.७ टक्के चुका हा आकडा सारखा फिरतो, तो चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ओळखण्याबद्दलचा होता, माणूस ओळखण्याबद्दलचा नाही. मीटिंगमध्ये तो वापरू नका, कोणी माहीतगार असेल तर तुमची सगळी बाजू खोडून काढेल. एनआयएसटीचा वापरा, आणि तुम्ही घेताय तो अल्गोरिदम कोणता, त्याची अशी तपासणी झालीय का, हे विचारा.

कोर्टनाका_ठाणे:
कायद्याचं सांगते. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टास्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढे २०१८ च्या आधार निकालात खाजगी कंपन्यांना आधार पडताळणी मागायची जी वाट आधार कायद्याच्या कलम ५७ मध्ये होती ती बंद झाली. ओळख म्हणून कोणी स्वखुशीने आधार दाखवलं तर हरकत नाही, पण हेच पाहिजे म्हणून अडून बसणं वेगळं. द्यायचंच झालं तर मास्क्ड आधार द्या, आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या साइटवरून फुकट डाउनलोड होतं, पहिले आठ आकडे झाकलेले असतात. आणि ताईंचं आधारचं बायोमेट्रिक लॉक करून द्या, म्हणजे त्यांचे ठसे वापरून दुसऱ्या कोणाला आधार पडताळणी करता येणार नाही, तुमच्या फोनवरून पाच मिनिटांचं काम आहे, फक्त त्यांचा मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा. बोटाचा ठसा लावून रेशन किंवा पैसे घेत असतील तर तेवढ्यापुरतं उघडायचं कसं तेही दाखवा, नाहीतर दुकानात अडकतील.

आता २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत दिलीय, त्यामुळे आज लगेच तक्रार करून निकाल मिळेल असं समजू नका. पण कमिटी आज जे मशीन घेईल ते पुढे या कायद्याखाली येणारच आहे. डेटा कशासाठी आणि कसा वापरायचा हे जो ठरवतो त्याच्यावर जबाबदारी, म्हणजे सोसायटीवर. कंपनीचं काम आहे आमचं नाही, असं सेक्रेटरींना म्हणता येणार नाही. डेटा सांभाळण्यात हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे, सोसायटीला तेवढा होईल असं मी म्हणत नाही, पण खजिनदारांना हा आकडा माहीत असलेला बरा.

संमती मोकळेपणाने दिलेली, विनाअट आणि समजून-उमजून दिलेली हवी, आणि देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं. फोटो दे नाहीतर कामावर येऊ नको, यात मोकळेपणा कुठे आहे? शिवाय संमती मागतानाची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये वाचायचा पर्याय द्यायला लागतो, म्हणजे मराठीत हवीच. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडिलांची पडताळलेली संमती लागते. हा मुद्दा मीटिंगमध्ये नक्की काढा, मुलांचं नाव निघालं की सगळे ऐकतात.

नेरूळ_सेक्टर_वाली:
आमच्याकडे हाच वाद झाला होता, शेवटी साधं टॅप करायचं कार्ड ठेवलं. कार्डावर फोटो आणि नंबर, आधार नाही. वॉचमन कार्डावरचा फोटो आणि समोरचं माणूस बघतो, हरवलं तर जुनं बंद करून नवीन देतात. काकांचा मुद्दा बरोबर आहे, वही आम्ही पण बंद केली, पाहुण्यांसाठी फ्लॅटमध्ये फोन करून विचारतात. कार्ड एकमेकींना देता येतं हा तोटा आहे, तो मान्य करूनच आम्ही घेतलं. स्टार देणं मात्र बंद करून घ्यायला सगळ्यात जास्त वेळ लागला, लोकांना ते सोडवत नव्हतं. ज्या बाईला समोर बसून चहा देतो तिला मागून दोन स्टार देणं मला अजूनही सहन होत नाही.

वर्तकनगरचा_काका:
कार्डाचं पटलं. आमच्या कमिटीला पण दाखवतो.

कासारवडवलीकर:
सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः दोन वेगळे आकडे मागायचं मला कधी सुचलं नसतं. ताईंशी आज बोलले. त्या म्हणाल्या कार्ड चालेल, आधार पण दाखवीन, माझं काही लपवायचं नाही, पण माझी आल्या-गेल्याची वेळ कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार ते आधी लिहून घ्या. आता विषय मीटिंगला कसा आणायचा, सेक्रेटरी म्हणतात सप्टेंबरच्या वार्षिक सभेत बघू, मशीन तर पुढच्या महिन्यात येतंय.

कोर्टनाका_ठाणे:
ताई म्हणतायत तोच पत्राचा पहिला मुद्दा करा. वेळेच्या नोंदी फक्त सिक्युरिटीसाठी, घरमालकांना दिसणार नाहीत, आणि ठरलेल्या दिवसांनी पुसल्या जातील, असं ठरावातच यायला हवं. सप्टेंबरपर्यंत थांबायची गरज नाही, एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर कमिटीला एका महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवायला लागते. मागणीत विषय स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. ताईंना मत देता येणार नाही पण अध्यक्षांच्या परवानगीने निमंत्रित म्हणून बोलता येऊ शकतं, ती परवानगी आधीच मागून ठेवा, आणि सभा त्यांच्या कामाच्या वेळेत लावू देऊ नका. ६०० सभासद म्हणजे १२० सह्या, शनिवार-रविवार संध्याकाळी क्लबहाऊसपाशी टेबल टाकून बसलात तर होतील.