शिष्यवृत्तीचा निकाल आणि जतची पोरं

वर एकांनी लिहिलंय, झेडपीच्या शाळेचा शिष्यवृत्तीचा निकाल पडला म्हणजे गुरुजी शिकवत नाहीत. जरा दमानं घ्या. आमच्या जतकडं, सांगली जिल्ह्यात कर्नाटकाच्या सीमेला, कितीतरी पोरं घरात कानडी बोलतात आणि पेपर मराठीतून सोडवतात. पात्र व्हायला प्रत्येक पेपरात ४० टक्के, म्हणजे १५० पैकी ६० हवेत. माझी भाची वजाबाकी झटक्यात करायची, पण 'कितीने कमी?' असं शाब्दिक उदाहरण आलं की पेन्सिल तोंडात! तेच आईनं चुलीपाशी बसून कानडीत विचारलं, तर उत्तर तयार. त्यात २०१७ला परीक्षा चौथीवरून पाचवीला नेली. चौथीपर्यंतच्या वस्तीशाळांत तयारीच थंडावली. गुरुजींचं चुकतही असेल, मतदार याद्यांच्या सरकारी कामातून शिकवायला सवड मिळाली तर.