गोळी बदलून दिलीय, तिकडे रात्र व्हायच्या आत सांगा

मंडळी, तिकडे बेळगावात आईला ताप-खोकला. डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिन ५०० ही अँटिबायोटिक लिहिली, रोज एक, ३ दिवस. टिळकवाडीतल्या दुकानदाराने "संपलीय, ही घ्या, त्याच जातीची" म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन ५०० दिली. भाऊ फोन उचलेना. रोज एकच द्यायची ना?
— टिळकवाडीकर

> रोज एकच द्यायची ना?

थांब. कूळ एक, पण चाल वेगळी. अझिथ्रो अंगात मुरते, ३ दिवसांनी बंद केली तरी काम चालू असतं. क्लॅरिथ्रो लवकर उतरते, म्हणून बहुधा दिवसातून दोनदा. आणि आईची कोलेस्टेरॉलची गोळी? गेल्या गणपतीत तिचा गोळ्यांचा डबा मीच भरला की, अॅटॉर्व्हास्टॅटिन ४०. क्लॅरिथ्रो सोबत असली की ही कोलेस्टेरॉलची गोळी रक्तात साठते, मांड्या-पोटऱ्या धरतात, लघवी काळ्या चहासारखी झाली तर मूत्रपिंडाला धोका. या जोडीत अॅटॉर्व्हास्टॅटिन दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर जायचं नसतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पहिली गोळीसुद्धा देऊ नको.
— शहापूरची मावशी

पत्रक इंग्रजीत, दुकानाची पाटी कन्नडमध्ये, वाचणार मराठी म्हातारी. आम्ही आपले सरळ कोल्हापूर गाठतो.
— निपाणीकर

कोल्हापूरचे दुकानदार काय गोळ्या बदलत नाहीत होय?
— खानापूरकर. ता.क. माझ्याकडे अझिथ्रोच्या २ उरल्यात, रविवारी जाणाऱ्याकडे देऊ?

उरल्या कशा? ३ दिवसांचा कोर्स तू एका दिवसात आटपलास! पट्टीवरची लाल रेघ शोभेला नाही, चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही म्हणून असते. बॅगेतून प्रसाद पाठव, कुंदा आण, गोळ्या नको. टिळकवाडीकर, आईच्या हृदयाच्या ठोक्यांची तक्रार डॉक्टरांना माहीत आहे ना? अझिथ्रोनेही ठोके बिघडू शकतात.
— मावशी

आरोग्याचे प्रश्न वेगळ्या विषयाने पाठवावेत असं मागेच ठरलंय. कोजागिरीला अजून १८ च नावं आली. दूध कोणी आटवायचं?
— सचिव

भाऊ सापडला, गाडी चालवत होता. डॉक्टरांना ठोक्यांचं माहीत नव्हतं. आधी ईसीजी काढा, मग गोळी ठरवू म्हणाले. उद्या सकाळी ९ ला जातात. तोवर काहीच दिलेलं नाही. दुकानदार पट्टी परत घेईना, कापलीय म्हणे. मावशी, रात्री फोन करतो. सचिव, आमचे ४ धरा, दूध आम्ही आटवत नाही.
— टिळकवाडीकर