रविवारचा संदेश ऐकला की पुरे का? स्वतः बायबल वाचण्याबद्दल

पहाटवाचक: प्रार्थनेच्या गटात एक जण म्हणाले, "पाळक अभ्यास करून बोलतात, आपण मन लावून ऐकलं की झालं." मला हे अजिबात पटलं नाही. बिरुया शहरातल्या लोकांना साक्षात प्रेषित पौल शिकवत होता, तरी ते रोज शास्त्र उघडून त्याचं बोलणं पडताळून पाहत (प्रेषितांची कृत्ये १७:११). कृत्यांचा लेखक लूक त्यांना संशयी म्हणत नाही, मोठ्या मनाचे म्हणतो. बायबलचे अध्याय १,१८९. रोज तीन-चार वाचले तर वर्षात होतात. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा मला स्तोत्र ८८ नं धरून ठेवलं. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही. त्यावर संदेश मी कधी ऐकलेला नव्हता. वाचत होतो म्हणून सापडलं.

श्रोता: बिरुयाचे लोक सभास्थानात जमून शोध घेत होते. तेव्हा घरोघरी ग्रंथ कुठे होते? पौलाची पत्रंसुद्धा मंडळीत वाचून दाखवायची होती (कलस्सै ४:१६). प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये कूश देशाचा एक अधिकारी रथात एकटाच यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचत होता. समजतं का, असं सुवार्तिक फिलिप्पानं विचारल्यावर तो म्हणाला, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार? एकट्यानं वाचून लोक यिर्मया २९:११ मधलं देवाचं हिताच्या संकल्पांचं वचन आपल्या नोकरीला लावतात. आदल्याच वचनात बाबेलमधल्या बंदिवासाची ७० वर्षं आहेत!

पहाटवाचक: ती ७० वर्षं दिसतात कोणाला? अध्याय वाचणाऱ्याला. भिंतीवर लावलेलं एक वचन म्हणजे वाचन नव्हे. आणि त्या अधिकाऱ्याकडे प्रश्न तयार होता: संदेष्टा हे स्वतःविषयी म्हणतो की दुसऱ्या कोणाविषयी? फिलिप्पाचं शिकवणं तिथूनच सुरू झालं. वाचलंच नसतं तर त्यानं विचारलं काय असतं?

सायली_स: माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण कितीतरी स्तोत्रं तोंडपाठ. तिची आत्मिक वाढ खुंटली होती असं म्हणायचं का? आणि घरात तान्हं बाळ असताना तीन-चार अध्यायांचा हिशेब वाचला की मला नुसतं अपराधी वाटतं.

पहाटवाचक: ताई, तो हिशेब मागे घेतो. मी तो उगाच मांडला. स्तोत्र १ मध्ये 'मनन' म्हणून जो शब्द येतो, त्याच्या मूळ हिब्रू शब्दात पुटपुटण्याचा अर्थ आहे. आजी तेच करत होत्या. कामं करताना एकच वचन घोळवत राहिलात तरी ते मनन आहे. माझा आक्षेप आठवडाभर वचनाकडे फिरकायचंच नाही याला आहे.

श्रोता: इथवर मान्य. पण आजींना ती स्तोत्रं दिली कोणी? मंडळीनंच ना?

सायली_स: थोडी उपासनेत ऐकलेली. बाकीची माझ्या आईमुळे. आई शाळेत वाचायला शिकल्यावर आजी रोज रात्री तिच्याकडून एक स्तोत्र वाचून घ्यायची, दोनदा. जे कळलं नाही ते लक्षात ठेवायची आणि रविवारी उपासना संपली की पाळकांना गाठून विचारायची.